बेत आणि माया

मराठीत कापड नुसते कापले जात नाही, ते बेतले जाते. बेतणे म्हणजे अंगाची मापे घेऊन कापडावर खडूने आखणे व मग कात्री चालवणे. आणि हेच क्रियापद मराठी माणूस जिवाच्या बाबतीतही वापरतो, यावरून या कामातील जोखीम पूर्वसूरींना ठाऊक होती असे मानण्यास जागा आहे. पुरुषांच्या पोशाखांपैकी ही जोखीम शेरवाणीत विशेष जाणवते, आणि शेरवाणीचा अभ्यास करावयाचा तर हैदराबादसारखे दुसरे क्षेत्र नाही.

ढगळ सदरा धारकाचे पोट उदारपणे पदरात घेतो. उभ्या कॉलरची, गळ्यापासून बटणांनी बंद होणारी, अस्तर लावलेली, गुडघ्यापर्यंत उतरणारी शेरवाणी मात्र त्याची जाहीर नोंद करते. तिची खरी परीक्षा मुंढ्यात, म्हणजे बाही जेथे अंगाला जोडली जाते त्या गोलाईत होते. मुंढा जितका मोठा व खोल तितका हात मोकळा, अशी सामान्य जनांची समजूत असते. वास्तविक मुंढा काखेलगत उंच असला तरच हात स्वतंत्रपणे उचलता येतो, आणि तो खाली उतरला असल्यास धारकाने सलामासाठी हात उचलताच शेरवाणीही घेरासकट वर येऊन सलाम करते.

देह आणि पोशाख यांचे जुळावे कसे, या प्रश्नाची हैदराबादच्या दोन निजामांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली. सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) एकदा घातलेला पोशाख पुन्हा अंगाला लावीत नसत असे सांगतात. पुरानी हवेली या राजवाड्यातील त्यांचे १७६ फूट लांबीचे सागवानी कपाट आजही पाहावयास मिळते. पोशाखाचा आणि देहाचा सहवास एका दिवसाचाच असल्यावर बेबनावास अवसर कोठून मिळणार? त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांना १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर स्थान दिले. ते मात्र जुन्या, विटलेल्या शेरवाण्या वापरण्याबद्दल प्रसिद्ध होते. दीर्घ सहवासाने काही पतिपत्नी जसे एकमेकांसारखे दिसू लागतात, तसे वस्त्रही कालांतराने देहाचा आकार घेते, हा त्यांचा सिद्धान्त असावा.

१९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याकडे तिसरे उत्तर होते. औरंगाबादच्या मागांवर विणलेले, सूत व रेशीम यांच्या मिलाफाचे हिमरू हे कापड प्रतिष्ठितांच्या शेरवाण्यांसाठी जात असे. परंतु मराठी घरात मुलाचे कपडे शिवताना ‘वाढत्या अंगाचे’ हे एकच माप प्रमाण मानले जाई. या मापाचा कपडा आरंभी मोठा, अखेरीस विरलेला, आणि या दोहोंच्या मध्ये साधारण एक आठवडा अगदी बेताचा असतो. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शेरवाणी हा विद्यार्थ्यांचा पोशाख होता. धोतरासारख्या, कोणत्याही कंबरेशी जुळवून घेणाऱ्या वस्त्रात वाढलेल्या मराठी मुलाला तेथे त्या बटणांच्या रांगेसमोर काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आजचा हैदराबादी नवरदेव माप देण्यासाठी उभा राहतो, तेव्हा छातीवर टेप येताच ती फुगवतो आणि पोटावर येताच श्वास रोखतो. म्हणजे मापे एका देहाची लिहिली जातात व शेरवाणी दुसऱ्याला घालावी लागते. ‘जरा ढीली रखूँ?’ असे शिवणाऱ्या मास्टरने विचारल्यास ‘नक्को’ हे ठाम उत्तर मिळते. मराठी ‘नको’चेच हे दखनी रूप. कापडासोबत शब्दही संस्थानभर फिरत, तसा मराठीतला हा हट्टही दखनीने जपून ठेवला आहे.

अनुभवी मास्टर वाद घालीत नाही. टाके पक्के करण्यापूर्वी कच्ची शिलाई घालून तो गिऱ्हाइकाला आरशासमोर उभे करतो, बोलण्यात गुंतवतो, आणि रोखलेला श्वास सुटला की तेवढ्यात खडूची खूण करून घेतो. शिवाय शिवणीच्या आत, कोणास दिसणार नाही असे, दोन बोटे कापड तो राखून ठेवतो. या जादा कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. लग्नानंतरच्या मेजवान्यांतील बिर्याणीचा हिशेब लागून तोच नवरदेव मधले बटण हातात घेऊन दुकानी येतो, तेव्हा मास्टर काही न बोलता शिवण उसवतो. बेत गिऱ्हाइकाचा होता, माया मास्टरची निघते.