डार्विनच्या नावानं चांगभलं

1835 साली डार्विन गालापागोसमध्ये पाच आठवडे होता; पण आज त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बेटावर त्याचा पाय कधी पडला नाही. हल्ली सोळा-सोळा डायव्हरांच्या टोळ्या बोटीनं थेट तिथे धडकतात. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहा, असा नियम आहे. तो समुद्री इग्वानाला कुणी वाचून दाखवलेला नाही. तो खुशाल नाकातून मिठाची पिचकारी मारतो. पाण्याखाली शेकडो हॅमरहेड शार्क मुकाट, धक्काबुक्की न करता पोहतात. वर बोटीवर मात्र पहिली उडी कुणाची, यावरून हातघाई.

मे 2021 मध्ये तिथली प्रसिद्ध दगडी कमान कोसळली. उरलेल्या दोन सुळक्यांना लगेच नाव मिळालं : ‘उत्क्रांतीचे खांब’. पॅकेज काही स्वस्त झालं नाही.