‘सावधान’ नेमकं कोणाला?

मंगलाष्टकांतला ‘सावधान’ हा शब्द ऐकून रामदास स्वामी बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर तो शब्द कोणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. गुरुजी पुढच्या मुहूर्ताचा हिशेब मांडत असतात आणि वऱ्हाड अक्षता टाकता टाकता पंगतीकडे सरकत असतं. मांडवात खरोखर सावधान असा एकच इसम उरतो: खांद्याला बॅग, खिशांत बॅटऱ्या, हातात गिंबल आणि पोटात फक्त सकाळचा चहा. हा एकट्याने काम करणारा व्हिडिओवाला. अंतरपाट एकदाच दूर होतो, त्याला रीटेक नाही. नेमक्या त्याच क्षणी भिंगावर अक्षता पडतात आणि समोर कुणा काकांचा मोबाइल उगवतो. या माणसाकडून आपण एकाच्या पैशांत पाचजणांचं काम मागतो आणि त्याला काटकसर म्हणतो. खरं तर आपल्या लग्नात महत्त्वाचं काय, हे आपल्यालाच ठरवता आलेलं नाही, याची ती कबुली असते.

व्हीएचएस कॅसेटच्या काळात एकजण कॅमेरा धरी, दुसरा हॅलोजन आणि तिसरा वायर सांभाळी. तिघं मिळून एकच काम करत: आहेर द्यायला आलेल्यांचे डोळे दिपवणं. आता उलट झालं आहे. माणूस एक आणि कामं दहा. मुख्य कॅमेरा तिवईवर, दुसरा हातात, गुरुजींच्या उपरण्याला माइक, आकाशात ड्रोन. वर टीझर हवा, रील हवं, ‘सिनेमॅटिक’ हवं आणि आत्याबाईंसाठी संपूर्ण लग्नही हवं. जांभळ्या एलईडीत न्हालेली नवरी पुन्हा माणसाच्या रंगाची करणं हेही त्याच्याच माथी. यातून एक ना धड भाराभर चिंध्या निघाल्या, तर दोष शिंप्याचा की एकाच कापडातून शालू, शेरवानी आणि वर झबलंही बेतायला सांगणाऱ्यांचा?

यावर ठरलेला आक्षेप असतो: ‘बटण तर दाबायचं असतं!’ मग बटणाचाच हिशेब करू. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने ४के चित्रण केलं, तर तासाला ४५ जीबी भरतात. दोन कॅमेरे प्रत्येकी ४ तास चालले की ३६० जीबी. कार्ड दगा देईल या भीतीने दुसरी प्रत, म्हणजे ७२० जीबी. हे ८ तासांचं चित्रण नुसतं एकदा बघायलाही ८ तासच लागतात. निवड, आवाजाची जुळणी, रंग आणि ‘त्या मावशींना काढा’ ही सूचना त्यानंतर येते. आपण लग्नाच्या दिवसाचे पैसे मोजतो. त्याचं खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. वरातीमागून घोडं यावं तसा हा व्हिडिओ बारशाला येतो, अशी लोकांची तक्रार असते. ती पुष्कळदा खरीही असते आणि अवास्तव तारीख कबूल करणं ही त्याची चूकच. पण मुहूर्त एका दिवशी सगळ्यांना एकदमच लागतात आणि त्याला कार्यालय एकच गाठता येतं. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली धावपळ आषाढी एकादशीपर्यंत चालते. त्या दिवशी देव झोपी जातात आणि हा साठलेली लग्नं घेऊन रात्ररात्र जागत बसतो.

ढीग साठतो तो आपण निवड टाळल्यामुळे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ सांगतं की, जिथे सप्तपदीचा विधी आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली बजावलं की, विवाह म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं यांचा कार्यक्रम नव्हे. आपल्याकडे मात्र सप्तपदीच्या वेळी निम्मं वऱ्हाड मठ्ठ्याच्या रांगेत असतं आणि व्हिडिओवाल्याला निरोप येतो: ‘इकडे या, साहेब आलेत, स्टेजवर उभे आहेत.’ एकटा माणूस दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही. मग विवाह सिद्ध करणारी पावलं ड्रोनमधून मुंग्यांएवढी दिसतात आणि साहेबांचा पुष्पगुच्छ स्लो मोशनमध्ये उमलतो.

म्हणून लग्नाच्या याद्या करताना मानपानाखाली आणखी एक ओळ लिहा: चित्रणात नक्की कोणते पाच प्रसंग हवेत. सगळंच हवं असेल तर माणसं वाढवा आणि तेवढे पैसे मोजा. एकच माणूस परवडत असेल तर यादी छाटा, मंगलाष्टकांच्या वेळी मोबाइल खिशात ठेवा आणि पंगत उठण्याआधी त्याचं पान वाढा. ‘सावधान’ एवढ्यापुरतं जरी ऐकलंत, तरी पुरे.