किक एकाची, सल्ले गल्लीचे

मोटरसायकल सुरू होईना की गल्लीत मेकॅनिक उगवतात. एक म्हणतो, चोक ओढा. दुसरा म्हणतो, चोक ओढूनच पेट्रोल ओव्हर झालंय. तिसरा न विचारता ॲक्सिलेटर पिळतो. चौथे काका गाडी आडवी करायला लावतात. जुन्या स्कूटरच्या जमान्यातला हा उतारा फ्युएल इंजेक्शनच्या गाडीलाही तितक्याच श्रद्धेनं दिला जातो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं, नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर आणि चोक जवळपास हद्दपार झाले. चोकचा सल्ला मात्र ठाण मांडून आहे.

खरं तर इंजिनाच्या मागण्या मोजक्याच: हवा, पेट्रोल, दाब आणि वेळेवर ठिणगी. प्लग काढून पाहिला की निम्मं निदान होतं. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी पडत नाही. काजळी धरली असेल तर एअर फिल्टरही बघावा. पण प्लगपाना कुणाकडेच नसतो, मत प्रत्येकाकडे असतं.

तेव्हा वाचकहो, किक मारण्याआधी किल स्विच आणि पेट्रोलचा कॉक तपासा. तरीही सल्लागार जमलेच, तर त्यांना मागून धक्का मारायला लावा. निम्मे आपोआप पांगतील.