घामचोर

‘कामचोर’ या शब्दाशी ‘घामचोर’ या शब्दाचे यमक जुळत असले तरी दोघांचे गोत्र वेगळे आहे. कामचोर घाम गाळतच नाही. घामचोर तो भरपूर गाळतो, मात्र गाळल्याचे कबूल करत नाही. इंदापूर तालुक्यातील वरकुटे व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून सायकल दामटत शाळा गाठणाऱ्या, आठवी ते दहावी या इयत्तांत आढळणाऱ्या मुलास ही संज्ञा लावता येते. सहावीपर्यंत हाच मुलगा ओल्याचिंब सदऱ्यानिशी खो-खो खेळून तसाच वर्गात बसत असे. परंतु वयात येताना काखेतील विशिष्ट घर्मग्रंथी जाग्या होतात, त्यांच्या स्रावावर त्वचेवरील जिवाणू ताव मारतात, वास सुटतो, आणि नेमके त्याच सुमारास मुलींचे बाक वर्गाच्या कोणत्या बाजूस आहेत याचेही त्याला भान येते. निसर्गाने ही दोन कामे एकाच वर्षात का उरकली, याचा खुलासा विज्ञानाच्या पुस्तकात नाही.

गणवेशाचा शर्ट आकाशी असणे ही त्याच्या दृष्टीने मोठीच आपत्ती होय. भिजलेले कापड कोरड्यापेक्षा कमी प्रकाश परत फेकते, म्हणून गडद दिसते. आणि आकाशी रंगावर हा फरक शेवटच्या बाकावरूनही टिपता येतो. पर्जन्यछायेतील या भागात उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने उघड्या अंगावरचा घाम चटकन उडतो खरा, पण काखेत आणि पाठीवरच्या दप्तराखाली वाऱ्याला शिरकावच नसतो. परिणामी शाळेच्या फाटकात शिरताना त्याच्या पाठीवर दप्तराची अचूक चौकट, पट्ट्यांसकट, उमटलेली असते.

परिपाठात ‘सावधान’ ही त्याची आवडती अवस्था, कारण तीत दोन्ही हात अंगाशी घट्ट चिकटवणे अपेक्षितच असते. ‘विश्राम’ मिळाल्यावरही तो सावधानच राहतो, ज्याचे शिक्षकांना कौतुक वाटते. खरी कसोटी प्रतिज्ञेच्या वेळी लागते. 1962 मध्ये ती तेलुगूत लिहिणाऱ्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांचा यात काडीचाही दोष नाही, पण ती म्हणताना उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे धरण्याचा प्रघात असल्याने घामचोराची देशनिष्ठा कोपरापासून पुढेच प्रकट होते.

त्याच्या उपाययोजना शास्त्रापेक्षा धाडसावर अधिक आधारलेल्या असतात. बहिणीच्या डब्यातील पावडर तो मूठभर लावतो, तिचे घामाशी मिसळून दुसऱ्या तासापर्यंत पीठ मळले जाते. मग शर्टाखाली बनियन येते, काखेत घडी घातलेला रुमाल येतो. पुढे मार्च महिन्यात ‘कणकण वाटतेय’ असे सांगून स्वेटरही येतो, जो मूळ रोगापेक्षा भयंकर ठरतो. वीज गेली आणि पंखा थांबला की मात्र त्याचा निरुपाय होतो. अशा वेळी मधल्या सुट्टीत टाकीच्या नळाखाली तो संपूर्ण शर्टच भिजवून घेतो आणि नळ अंगावर उडाल्याची हूल उठवतो. सगळेच ओले झाले की डाग कुठला, हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या बिनतोड म्हणावा लागेल.

शर्ट वाळल्यावर मात्र पितळ उघडे पडते, कारण पाणी उडून जाते आणि घामातले मीठ कापडावरच राहते. सोमवारचा शर्ट बुधवारपर्यंत चालवला तर काखेभोवती एकाबाहेर एक पांढऱ्या रेषा उमटतात, नकाशातल्या समोच्चरेषांसारख्या. कालव्याचे पाणी उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाजल्याने, निचरा नसलेल्या काळ्या रानात क्षार वर येऊन पांढरा थर धरतो, ज्याला शेतकरी ‘मीठ फुटणे’ म्हणतात, तीही हीच क्रिया होय. घामचोराच्या वडिलांना दोन्हींची ओळख असते. त्यांच्या स्वतःच्या बंडीवर असेच मीठ बारमाही फुटलेले असून, पोराची झाकाझाक पाहून ते एवढेच म्हणतात, “आरं, घाम हाय त्यो, चोरीचा माल न्हाय.” हे वाक्य त्याला पटते, परंतु ते मुलींच्या बाकांपर्यंत पोचलेले नसते.

भूगोलाच्या तासाला जमीन खारवट कशी होते हा प्रश्न निघतो, तेव्हा वर्गात त्याच्याइतका अधिकारी पुरुष दुसरा नसतो. निचरा, बाष्पीभवन, क्षारांचा थर असे सारे उत्तर त्याच्या ओठांवर असते. मात्र ते सांगण्यासाठी आधी हात वर करावा लागतो. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकात शेरा पडतो : शिस्त उत्तम, वर्गातील सहभाग वाढवावा.