घोडा मुंडीभर, गप्पा घाटभर

धडगावात घोड्यांची शर्यत लावायची ठरवली, तर आधी सपाट जागा शोधण्याची शर्यत लावावी लागेल. अक्राणी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण सातपुड्याच्या कुशीत वसलंय, असं पर्यटनाच्या पत्रकात लिहितात. तिथे राहणाऱ्याला विचारलं, तर तो सांगेल की इथे चढ असतो नाहीतर उतार असतो, तिसरं काही नसतं. तरीही मार्गशीर्ष लागला की गावातल्या चहाच्या टपऱ्यांवर घोड्यांचे जाणकार उगवतात. कालपरवापर्यंत हीच माणसं मक्याच्या भावावर, एसटीच्या वेळेवर आणि मोबाइलच्या रेंजवर बोलत होती. आता ती टापांवर बोलतात.

खाली सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरायची असते ना! शहादा तालुक्यात तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि त्या देवाच्या यात्रेतला घोडेबाजार देशभर नाव मिळवून आहे. तीनशे वर्षांहून जुना आहे, असं तिथली मंडळी सांगतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथून घोडे ट्रकने येतात आणि धडगावची माणसं जीपने येतात. दाटीवाटीचा हिशोब केला तर घोड्यांची सोय बरी असते.

अलीकडच्या काळात यात्रेला ‘चेतक फेस्टिव्हल’ची जोड मिळाली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लागल्यावर तंबू मोठे झाले, लाउडस्पीकर वाढले, घोड्यांचे नाच आणि शर्यती बघायला लांबून माणसं येऊ लागली. तमाशाचे फड, पाळणे आणि गोडशेव मात्र आपापल्या जागी आहेत.

शर्यतीच्या प्रेक्षकाचं खरं काम शर्यतीच्या आधी सुरू होतं. बाजारात घोडे रांगेने बांधलेले असतात आणि त्यांच्यापुढून आप्पा, नाना, बापू अशी मंडळी हात मागे बांधून फिरत असतात. यांतल्या एकालाही घोडा घ्यायचा नसतो. न घ्यायचा घोडा तपासायला मात्र फार वेळ लागतो. उंची किती इंच? दात किती? कान टोकाशी जुळतात का? मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळतात आणि चांगल्या जनावरात त्यांची टोकं जवळजवळ एकमेकांना भिडतात. हे आप्पांना ठाऊक असतं आणि ते शेजाऱ्यालाही ठाऊक व्हावं अशी त्यांची तळमळ असते. मग येतात भोवरे. गळ्याजवळचा देवमण शुभ, अमक्या जागचा भोवरा मालकाला खाणारा. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला की तो पंचकल्याण. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा तो नुकरा, मोठाल्या डागांचा अबलख. एवढी माहिती ऐकवून झाल्यावर आप्पा मालकाला किंमत विचारतात. मालक लाखांत आकडा सांगतो. आप्पा मान हलवून “जास्त सांगतोय” म्हणतात आणि पुढच्या घोड्याकडे वळतात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत आहे. आप्पांची बोटं मात्र कोटाच्या खिशात असतात, कारण थंडी आहे.

एवढ्या अभ्यासानंतर कोणता घोडा जिंकणार हे ठरलेलंच असतं. अडचण एवढीच की नानांचा घोडा वेगळा असतो आणि बापूंचा तिसराच. इथे तिकीटखिडकी नाही. पैज लागते ती चहाची, फार तर जिलबीची. पण पणाला लागते ती इभ्रत, आणि ती जिलबीपेक्षा महाग पडते.

मग शर्यत होते. म्हणजे झाली असं म्हणतात.

दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या असतात. पुढचा मागच्याला दिसू देत नाही, मागचा पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघतो. लांबवर धूळ उठते, “आले, आले” होतं, काहीतरी काळं-तांबडं डोळ्यांपुढून जातं आणि मिनिटाच्या आत सगळं संपतं. या अवधीत प्रेक्षकाच्या अंगात जे घडतं, ते घोड्याच्या अंगात घडत नसावं. टाचा वर उचलल्या जातात, मुठी आवळतात, नसलेला लगाम ताणला जातो. एखादे नाना तर स्वतःच्याच मांडीवर चाबूक मारत असल्यासारखे थापा मारतात. “दाब! दाब त्याला! आतून काढ!” घोडा पंजाबचा, स्वार राजस्थानचा, सूचना खानदेशी आणि ओरडणारे दीडशे हात लांब. तरीही आपल्याच सूचनेमुळे घोडा आतून निघाला याबद्दल नानांना तिळमात्र शंका नसते. घोडा बाहेरून निघाला असेल, तर स्वाराने ऐकलं नाही.

मोबाइलवाल्यांचा वर्ग वेगळा. हे शर्यत बघत नाहीत, घरी जाऊन बघायची म्हणून साठवून ठेवतात. घरी गेल्यावर दिसतं ते असं: आधी आभाळ, मग कुणाची तरी टोपी, मग आपलाच अंगठा आणि शेवटी जोरजोरात कुणीतरी ओरडतंय, “कोण आला रे? कोण आला?”

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हे असं होत नसेल, असं धडगावात काहींना वाटतं. मुंबईचं ते मैदान १८८३ सालचं, आणि इंडियन डर्बी तिथे १९४३ पासून पळवली जाते. फेब्रुवारीतला रविवार, २४०० मीटर, अडीच मिनिटांच्या आसपासचा खेळ. तिथे दुर्बिणी असतात, टोप्या असतात, फ्रेंच सुगंध असतो. घोडे शेवटच्या वळणावरून सरळ रस्त्याला लागले की दुर्बिणी खाली येतात आणि सुटाबुटातल्या माणसाचा गळा सारंगखेड्याच्या नानांना लाजवेल असा फुटतो. नावं तेवढी इंग्रजी असतात, एवढाच फरक. शिवाय तिथे ज्ञान छापील मिळतं. रेसच्या पुस्तकात घोड्याचे आई-बाप, आजवरच्या शर्यती, पाठीवरचं वजन सगळं दिलेलं असतं. त्यामुळे चूक झाली तर ती अभ्यासपूर्ण होते.

घोड्यांची शर्यत हा नशिबाचा खेळ नसून कौशल्याचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितलं. रेसवाल्यांना आनंद झाला. हरणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली, कारण नशिबाला दोष द्यायची सोय गेली. आता दोष जॉकीला, ओल्या ट्रॅकला, नाहीतर आदल्या रात्री फोनवरून टिप देणाऱ्या मेव्हण्याला द्यावा लागतो.

रेसच्या जातिवंत घोड्यांची आणखी एक गंमत धडगावकराला अगदी घरची वाटावी. कोणत्याही महिन्यात जन्मलं तरी आपल्याकडे शिंगराचं वय १ जानेवारीला वाढतं. सगळ्यांचा वाढदिवस एकच. ज्यांना शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकला, अशा पिढ्या महाराष्ट्रात निवृत्तसुद्धा झाल्या. डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते, तेव्हा हा हिशोब महत्त्वाचा. या बाबतीत तरी डर्बीचा घोडा आणि धडगावचे आप्पा एका पंगतीचे आहेत.

जगभरातले शौकीनही काही शहाणे नाहीत. मेलबर्नला नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांसाठी शहराला सुट्टी असते. इटलीतल्या सिएना गावात चौकातच घोडे पळवतात. तिथे स्वार वाटेत पडला आणि घोडा एकटाच पहिला आला, तरी तो जिंकला असं धरतात, आणि मोहल्ल्यातली माणसं त्याच्या गळ्यात पडून रडतात. अमेरिकेत १९७३ साली सेक्रेटॅरिएट नावाच्या घोड्याने बेलमाँटची शर्यत ३१ घोड्यांच्या लांबीने मारली, तेव्हा जिंकलेली पाच हजारांहून अधिक तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत; आठवण म्हणून घरी जपून ठेवली. दोन डॉलरच्या तिकिटावर मिळणार होते दोन डॉलर वीस सेंट, हेही खरं. आपल्याकडे जिंकलेलं तिकीट कुणी जपून ठेवत नाही. हरलेलं मात्र बायकोपासून फार जपून ठेवतात.

इराणच्या शहाला विलायतेत डर्बीचं आमंत्रण मिळालं, तेव्हा एक घोडा दुसऱ्यापेक्षा जोरात पळतो हे आपल्याला आधीच माहीत आहे, असं सांगून तो गेला नाही, असा किस्सा आहे. सारंगखेड्याच्या गर्दीत सातपुड्यावरून आलेली एखादी आजी हेच विचारते, “एवढ्या घाईनं जायचंय कुठं त्यांना?” तिला उत्तर कुणी देत नाही. ती मग सुनेला घेऊन चांदीच्या दागिन्यांच्या दुकानाकडे वळते, आणि दिवसाचा सगळ्यात सुज्ञ व्यवहार तिथे होतो.

तिला थांबवण्याची ताकद एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे रेवाल चाल. घोडा झपझप जातो, पण पाठ हलत नाही. स्वाराच्या हातात पाण्याने भरलेला पेला दिला तरी थेंब सांडता कामा नये, अशी या चालीची ख्याती. गर्दी ओरडायचं विसरते आणि पेल्याकडे बघत राहते. धडगावकरांना या प्रकाराचं विशेष अप्रूप असतं. घाटातल्या जीपमध्ये पाण्याची बाटली तोंडाला लावायची तर आधी झाकण कोण उघडणार यावर चर्चा करावी लागते.

परतीची जीप संध्याकाळी शहादा सोडते आणि शर्यत पुन्हा सुरू होते. महालक्ष्मीला दोन घोड्यांतलं अंतर मोजायची मापं ठरलेली आहेत: आधी मुंडी, मग मान, मग घोड्याची पूर्ण लांबी. घाटातही मापं हीच, फक्त ती वळणागणिक बदलतात. सपाटीवर नानांचा घोडा मुंडीभराने हरलेला असतो. पहिल्या चढाला ती मुंडी आखडते. पुढच्या वळणावर असं निष्पन्न होतं की स्वार नवखा होता. मग कुणीतरी सांगतं की बक्षीस आधीच ठरलं होतं. मध्यावर जीप लघवीला थांबते तेव्हा दोन्ही घोडे बरोबरीत आलेले असतात, आणि धडगावचे दिवे दिसू लागतात तोवर नानांचा घोडा दोन घोड्यांनी पुढे असतो. आप्पा विरोध करत नाहीत. त्यांचं डोकं खिडकीला टेकलेलं असतं आणि कानटोपी डोळ्यांवर आलेली असते. ड्रायव्हर मध्येच म्हणतो की जिंकणारा घोडा काळा नव्हता, तांबडा होता. त्याने जीपच्या टपावरून पाहिलं. त्याला सगळे मिळून समोर बघायला सांगतात.

दुसऱ्या दिवशी टपरीवर शर्यतीचं सगळ्यात रंगतदार वर्णन करत असतो तो माणूस यात्रेला गेलेलाच नसतो. त्याने जीपमधल्या तिघांकडून तीन शर्यती ऐकल्या आणि त्यांतून एक नीटनेटकी शर्यत तयार केली. त्यात धूळ आहे, पडलेला स्वार आहे, शेवटच्या शंभर हातांत मुसंडी मारणारी पंचकल्याण घोडी आहे. तिथे प्रत्यक्ष हजर असलेले नाना, बापू आणि आप्पा चहा विसरून ऐकतात. घोडी नेमकी कोणती, हे तिघांनाही आठवत नाही. पण कथा मध्येच तोडायची कुणाची हिंमत होत नाही. शेवटी आप्पा एवढंच म्हणतात, “बाकी बरोबर आहे भो. फक्त घोडीची किंमत तू कमी सांगितलीस.”