पाणी काढायचे पैसे

नवेगाव बांध तलावाच्या पाळीवर परवा एका पाहुण्यांनी माझ्यापुढं चकचकीत पाकीट धरलं. आत स्ट्रॉबेरी. तोंडात टाकली तर पापडासारखी कुर्रकन मोडली नि जिभेवर विरघळली. चव झकास. वजन 20 ग्रॅम. किंमत ऐकली आणि दुसरी उचलायला गेलेला हात मी मागं घेतला.

"फ्रीझ-ड्राइड आहे," पाहुणे म्हणाले. "सगळं न्यूट्रिशन जसंच्या तसं."

असं कोणी म्हटलं की पाकीट उलटं करून वाचायची मला खोड आहे.

प्रकार हुशारीचा, हे आधीच कबूल करतो. फळ उणे 40 अंशांच्या आसपास गोठवायचं, भोवतालची हवा ओढून घ्यायची आणि बेताबेतानं ऊब द्यायची. बर्फाचं पाणी होतच नाही, कापरासारखी थेट वाफ होते. आकार, रंग, वास जागच्या जागी, आणि ताप कमी लागल्यामुळं क जीवनसत्त्वही बरंचसं शाबूत. उन्हातल्या वाळवणाला हे जमत नाही. ऊन आणि हवा मिळून क ची वाट लावतात, अ लाही सोडत नाहीत. आजीचं वाळवण कितीही लाडकं असो, इथं यंत्र जिंकलं. प्रथिनं, लोह, कॅल्शियम मात्र दोन्हीकडं जवळपास तेवढंच राहतं.

आता पाकिटामागचा पोषणाचा तक्ता. तो 100 ग्रॅमचा. ताज्या स्ट्रॉबेरीत शंभरातले नव्वद भाग पाणी, म्हणजे दहा-अकरा किलो फळाचा एक किलो ऐवज उरणार. पाणी गेलं की बाकीचं दाटतं. क जीवनसत्त्व कितीतरी पट दिसतं, साखरही तितकीच दाटते, पण पाकिटाच्या पुढच्या बाजूला तिच्याबद्दल चकार शब्द नाही. हातातल्या 20 ग्रॅममध्ये फार तर दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम ताज्या फळाचा माल. कारखान्यानं त्यात कणभर भर घातलेली नाही.

हाच हिशेब बाजारात सुक्या मासळीला लावा. ताज्या मासळीत शंभरातले अठरा-वीस भाग प्रथिनं, कडक वाळली की निम्म्याहून जास्त. चिल्लर मासळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं. वाळूही थोडी येते, ती नीट धुवा. बाजारात मासळीच्या वाट्यामागं बसलेल्या ढिवरीण बाईंना मी पाकीट दाखवलं, किंमत सांगितली.

"पाणी काहाडाचे येवढे पैसे घेते का जी?" त्या म्हणाल्या.

तंत्रज्ञानाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. विजेचा आणि पंपाचा खर्च मोठा, वाळायला तासन् तास लागतात, किंमत तिथंच चढते. हिमालयात पाठीवर ओझं वाहणाऱ्या जवानाला किंवा अंतराळवीराला ती परवडते, कारण त्यांना वजन वाचवायचं असतं. पाहुणे गाडीतून आले होते. आले कुठं, तर तीनेकशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधे पाणी अडवून ठेवलं, त्या तलावावर! अडवलेलं पाणी बघायचं आणि खाताना काढून टाकलेल्या पाण्याचे पैसे मोजायचे.

गप्पांत पाकीट उघडंच राहिलं. पावसाळी हवा. दोन तासांत कुरकुरीत स्ट्रॉबेरी चामट झाली. ओल शिरली तिथं हवाही शिरलीच, आणि उघड्यावर क जीवनसत्त्व फार दिवस तग धरत नाही. तक्त्यातले आकडे पाकीट बंद असतानाचे असतात, हे तक्ता सांगत नाही.

घ्यायचंच असेल तर घ्या. नातवंडांना आवडतं, गोळ्या-चॉकलेटपेक्षा बरंच. फक्त आधी निव्वळ वजन बघा, ते 20 ग्रॅम असेल तर तक्त्यातल्या आकड्यांना पाचानं भागा. आणि क साठीच जीव तुटत असेल तर शंभर ग्रॅमच्या एका पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या वर असतं. त्या अख्ख्या पाकिटात तेवढं नव्हतं.