रेडिओशी भांडणारे तात्या

अमेरिकेत १९६०च्या दशकात जो पाइन नावाचा गृहस्थ रेडिओवर बसून फोन करणाऱ्यांचा पाणउतारा करायचा आणि लोक ते चवीनं ऐकायचे. आपल्या आकाशवाणीवर आवाज चढवायची सोय नव्हती. त्यामुळे निपाणीकडे हे खातं रेडिओच्या बाहेर बसून तात्यांनी सांभाळलं. गल्लीगणिक एक तात्या असायचेच.

संध्याकाळी अंगणात बाज पडायची. उशाशी चामडी कव्हरातला मर्फी, तळहातावर तंबाखू-चुना. बातम्या लागल्या की मळणारा अंगठा थांबायचा. ‘हं, बोल.’ पुढच्याच वाक्याला, ‘तुला कुणी सांगितलं?’ निवेदक काही थांबायचा नाही. मग तात्या आवाज बारीक करून आपलं म्हणणं साग्रसंगीत मांडायचे आणि पुन्हा मोठा करायचे. तोवर बातमी पुढं गेलेली. मग अर्थमंत्री कर वाढवून स्लिपमध्ये झेलबाद झाले, असल्या जोडबातम्या दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर छातीठोकपणे ऐकायला मिळायच्या.

शेतीच्या कार्यक्रमातल्या तज्ज्ञांना तर ते हमखास विचारायचे, ‘साहेब, रान किती हाय तुम्हास्नी?’

काकी चुलीपासून ओरडायच्या, ‘अवो, त्याला ऐकू जात न्हाई तुमचं!’

‘मग आपुन तरी त्याचं का ऐकायचं? पोस्टात वर्साला १५ रुपये लायसन भरतोय, ते काय नुसती मुंडी हलवायला?’

सीमाप्रश्न त्यांच्या रेडिओच्या काट्यावरच होता. धारवाड केंद्र १९५०चं, सांगली १९६३चं, दोन्ही लागायची. काटा सांगलीवरून सरकवणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसे. मात्र धारवाडवर मल्लिकार्जुन मन्सूर लागले की काट्याला हात लावायचा नाही. ‘अण्णांची तालीम अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्यातली. म्हंजे कोल्हापूरचीच की!’ झाला प्रश्न निकाली.

महाजन आयोगाचा विषय निघाला की मात्र बाजेवरून उठून बसायचे. १९६७च्या त्या अहवालानं निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यायला सांगितलं आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. तात्यांचा फायदाच होता, पण ऐकतील तर शपथ. ‘बेळगाव सोडून आमी एकटं जाऊ व्हय? मर्दा, ह्याला वाटणी म्हणत्यात?’ हे सगळं मर्फीला उद्देशून. तो बिचारा एव्हाना हवामान सांगत असायचा.

१९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवसांत अंगणातली बाज रिकामी होती. तात्या रस्त्यावर होते.

पुढं लायसन गेलं, टीव्ही आला. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी अजूनही नाही, आणि टीव्हीवर हमरीतुमरीवर येणारे सगळे पगारी. तात्या फुकट भांडायचे, वर सरकारला पैसे भरायचे. आणि खरं सांगायचं तर, यांच्यापेक्षा मुद्द्याचं बोलायचे.